नावाडिणीच्या जागी दिवा

रविवार, ४ जानेवारी

प्रिय उंदरा,

आशीर्वाद वगैरे शेवटी देते, आधी बातमी ऐक. मी तटबंदीच्या स्पर्धेत नाव दिलं आहे. हो, त्याच तटबंदीच्या, तुझ्या कार्डांच्या. उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

आठ वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात ही कसली सुरुवात, असं तुला वाटेल. पण मला दम निघत नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते कुणी उचलायची वाट बघत नाही, दाराखालून आत येऊन पडतं. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिचा पिच्छाच पुरवला होता.

त्याचं असं झालं. ऑक्टोबरात मी माळा साफ करायला काढला आणि तुझा पत्र्याचा डबा हाताला लागला. म्हटलं, आपल्याला काय कळतंय यातलं, खेळणाऱ्याला देऊन टाकावा. खेळणारे बसतात खांबाच्या दुकानात. खांब म्हणजे तोच, तुझा शाळेपासूनचा खांब. त्याचं नाव वाचून पत्र फाडणार असलास तर आधी पूर्ण वाच, मग फाड. त्याचं आता वह्या-पेनांचं दुकान आहे. मागच्या खोलीत सहा टेबलं मांडली आहेत आणि दर रविवारी तिथे तटबंदी चालते. स्पर्धा असली की पंच तोच.

मी डबा गल्ल्यावर ठेवला. त्याने हातसुद्धा लावला नाही. दोन्ही हात मागे बांधून म्हणाला, "ताई, हा मी घेणार नाही. यातलं काही कमी झालं तर पुन्हा माझ्या नावावर जाईल." मी डबा परत पिशवीत घालायला लागले. मग तोच म्हणाला, "तुम्हीच का शिकत नाही? कागदातलं तर तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं." हे त्याने चेष्टेत म्हटलं की टोचून, मला अजून समजलेलं नाही. पण मी हट्टाला पेटले आणि बसले.

आणि काय सांगू तुला. पहिल्याच दिवशी तीन तास बसले. आपलं पुस्तकबांधणीचं दुकान उघडायचं राहिलं, एक वकील त्यांची पुस्तकं न्यायला येऊन कुलूप बघून परत गेले. दोघांचे दोन कोट, प्रत्येकाचे वीस चिरे, आपल्या खेळीला एक दिवा लावायचा, जितके दिवे जास्त तितकं मोठं कार्ड उतरवता येतं, आणि समोरच्याचे चिरे आधी पाडायचे. एवढंच तर आहे. एवढ्याशा गोष्टीत इतकं भरलेलं असेल हे तू मला कधी धड सांगितलं का नाहीस? सांगितलंही असशील. मी वह्या शिवत असेन.

स्पर्धा आठ मार्चला आहे. पहिल्या येणाऱ्याला एप्रिलच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळते. ती मोठी स्पर्धा तुझ्या शहरात आहे आणि मावशी म्हणते की तू तिथे दर वर्षी खेळतोस. आता कळलं ना मी का खेळतेय? जिंकले तर मी त्या हॉलमध्ये असेन. कदाचित तुझ्याच टेबलाशी असेन. मधेच उठून जायची तुझी सवय मला माहीत आहे, पण तिथे उठलास तर डाव हरशील.

डब्यातली कार्डं सगळी जागेवर आहेत, एक सोडून. कुठलं ते मी सांगायला नको.

आशीर्वाद.
तुझी ताई


रविवार, २५ जानेवारी

प्रिय उंदरा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंच नव्हतं, तेव्हा त्याचं काही वाटून घेतलेलं नाही. रोज दुपारी टपालवाल्याची वेळ झाली की दारात उभी राहते ते ऊन खायला.

माझी प्रगती ऐक. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांकडून हरले. दोन वेण्यांची एक पोरगी आहे, वय वर्षं दहा, तिने मला सलग सात वेळा धुतलं आणि आठव्यांदा म्हणाली, "आजी, तुम्ही विचार करताना ओठ हलवता, मला सगळं कळतं." हरल्याचं नाही, आजी म्हटल्याचं लागलं. पन्नासही नाही झाली अजून मला.

माझ्या हाताच्या सवयी नडतात. कार्ड ओढायच्या आधी मी अंगठा जिभेला लावते. तीस वर्षं पानं उलटण्यात गेली, आता तो अंगठा ऐकतो होय? समोर दातांची डॉक्टर बसली होती. तिने असं तोंड केलं की मी पुढचा पूर्ण डाव हात मांडीखाली दाबून बसले. ही डॉक्टर इथली सगळ्यात पक्की खेळाडू आहे. डावभर ताठ बसते, हसत नाही, आणि मी हसले की माझ्या किडक्या दाढेकडे बघते. दुसरी खोड म्हणजे कार्डांची थप्पी टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या. तसं करताना एकदा खालचं कार्ड सगळ्यांना दिसलं आणि खांबाने मला ताकीद दिली. "ताई, हे पुस्तक नाही," म्हणाला.

पण एक सवय कामाला आली. फर्मे मोजायची. सोळा-सोळा पानांचे फर्मे लावताना कुठला झाला आणि कुठला राहिला हे मी कधी लिहून ठेवत नाही, हातच हिशोब धरतो. तसं समोरच्याची कुठली कार्डं बाहेर पडली आणि कुठली अजून पोटात आहेत, हे मला आपोआप कळतं. परवा मोजणी खात्यातल्या निवृत्त काकांना मी म्हणाले, तुमच्याकडे आता एकच सुरुंग उरलाय, आणि तोही तळाशी आहे. त्यांनी कार्डं खाली ठेवली आणि चष्मा पुसला. मी तो डाव चार चिऱ्यांनी जिंकला. घरी येताना मी चालत होते की उडत होते, देव जाणे.

मी तुझाच डेक खेळते, डब्यात जसा लावून ठेवला होतास तसाच. दुसऱ्या खेळीला सुरुंग टाकते, म्हणजे सुरुवातीलाच दणका. साठ कार्डं पुरी लागतात आणि तुझी एकोणसाठ आहेत, म्हणून साठावं म्हणून खांबाकडून एक साधा भालाईत घेतला आहे. तो काही कामाचा नाही, नुसता उभा असतो, आपल्या नळदुरुस्तीवाल्यासारखा.

खांब बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. लग्न नाही केलं. दुसऱ्याच्या दुकानात किंवा घरी गेला की हात मागे बांधून उभा राहतो, मी हे नीट पाहिलं आहे. कुठल्याच वस्तूला हात लावत नाही. त्या दिवसाबद्दल मला तुला काही लिहायचं होतं, पण कागद संपत आला.

ताई


रविवार, ८ फेब्रुवारी

उंदरा, उंदरा,

तुझं कार्ड आलं. पोस्टाचं. मंगळवारी दुपारी, मी एका पुस्तकाच्या पाठीला सरस लावत होते, हात भरलेले. टपालवाल्याने ते माझ्या दातांत दिलं म्हटलं तरी चालेल. ना मायना, ना सही. नुसतं: "दुसऱ्या खेळीला सुरुंग चूक आहे. आधी पहारेकरी. आणि भालाईत काढ. नावाडीण नसेल तर तिच्या जागी दिवा घालायचा, डेक तसाच चालतो."

मी ते चौदा वेळा वाचलं. शेजारच्या चष्मेवाल्याला दाखवलं. त्याला ओ की ठो कळलं नाही, तरी मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. आठ वर्षं माझा एक फोन न घेणारा माणूस मी सुरुंग चुकीच्या वेळी टाकते हे वाचून गप्प बसू शकला नाही, याचा मला जो आनंद झाला आहे तो कुठे ठेवू हेच कळत नाही. तुला डिवचायचं असतं तर मी आणखी चुका लिहिल्या असत्या. आता लिहीन.

आज तुझं ऐकून आधी पहारेकरी टाकला. तीन लढती खेळले, तिन्ही जिंकले. दोन वेण्यांची पोरगी म्हणाली, "आजी, तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाने." असं म्हणताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण खांबाने वर पाहिलं. मग पुन्हा खाली पाहून तो त्याच्या वहीत लिहीत राहिला.

त्याच्याबद्दल तुला काही गोष्टी माहीत नसतील. तू गेल्यावर त्याला दोन वर्षं कुणी टेबलाशी बसू दिलं नाही. तो आत आला की लोक आपापले डबे बंद करायचे. त्याच्या आईने एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं, "माझा मुलगा असं करेल असं तुला वाटतं का गं?" मी घाईत आहे म्हणून सांगितलं. मग त्याने स्वतःच दुकान काढून टेबलं मांडली. हळूहळू लोक आले, कारण त्याच्याइतके नियम कुणाला पाठ नाहीत. तरी अजून कुणाचं कार्ड हातात घ्यायचं असलं तर तो आधी विचारतो.

"नावाडीण नसेल तर" असं तू लिहिलं आहेस. या वाक्याशी मी रोज येऊन अडते.

ती कशी दिसायची हे मला आठवतं. नाव, पाणी, लांब वल्हं, आणि डाव्या कोपऱ्यात तू शाईने दिलेला ठिपका. बाद झालेल्या ढिगातून हवं ते एक कार्ड परत आणते. या गावात तेवढी एकच होती.

भालाईत काढला आहे. दिवा अजून घातलेला नाही.

ताई


शनिवार, ७ मार्च

प्रिय उंदरा,

उद्या स्पर्धा. हे पत्र आज पेटीत टाकणार नाही, उद्या जिंकल्यावर टाकेन, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

सकाळपासून तीन पुस्तकांना उलटे पुठ्ठे लावले. डेक चार वेळा मोजला, साठ आहेत. आणि साठावं कार्ड दिवा नाही. तुझं ऐकलं नाही मी. साठावी नावाडीण आहे.

कुठून आली ते आत्ता विचारू नकोस. तिची डागडुजी करायला मला सहा दिवस लागले एवढं सांगते. तो जाळीसारखा पातळ कागद असतो ना, जुन्या पानांना लावायचा, तो मी फाडून घेतला, कापला नाही, म्हणजे कडा विरून जाते. ताजी खळ शिजवली, तीनदा गाळली. रेघेला रेघ, पाण्याच्या लाटेला लाट जुळवली. वर काचेचं वजन ठेवलं. अण्णांनी पाहिलं असतं तर चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून म्हणाले असते, जोड कुठे आहे? बाप कमी आणि उस्तादच जास्त होते ते. आपल्याला काय शिकवायचे, आठवतं? जोड दिसता कामा नये, आणि उद्या कुणाला सोडवावीशी वाटली तर पाण्याने सुटली पाहिजे. दोन्ही साधलं आहे. बाकीच्या कार्डांसारखी तिलाही प्लॅस्टिकच्या खोळीत घातल्यावर तर मलाच ओळखू येईना.

तिच्याशिवाय डेक चालतो, हे तुझं खरं असेल. पण मला तुझ्या समोर बसायचं आहे ना, तर तिला घेऊनच बसायचं आहे. तू डोळे विस्फारशील, मग मी काय ते सांगेन. असं मी ठरवलं आहे. तोंडावर सांगणं सोपं जाईल असं वाटतं. या आधी सोपं गेलेलं नाही, पण उद्याची गोष्ट वेगळी.

झोप येणं अवघड आहे, तरी दिवा मालवते.

ताई


सोमवार, ९ मार्च

प्रिय उंदरा,

काल जे झालं ते सगळं सांगते, जसं झालं तसं. मधे थांबू नकोस.

चोवीस खेळाडू होते. शाळेचं सभागृह घेतलं होतं, लाकडी बाकं, भिंतीवर घड्याळ. ते पाच मिनिटं पुढे होतं, म्हणून खांबाने त्यावर कागद चिकटवला. पहिली लढत मी जिंकले. दुसरी जिंकले. तिसरीत दोन वेण्यांची पोरगी आली. मी ओठ घट्ट मिटून बसले आणि तीही जिंकले. पोरीने हात मिळवून विचारलं, "आजी, आता ओठ का नाही हलवले?" मी म्हणाले, "दाढ दुखते." चौथ्या लढतीत नावाडीण पहिल्यांदा हातात आली. तिने बाद ढिगातून सुरुंग परत आणला आणि मोजणीवाल्या काकांचे शेवटचे पाच चिरे एका झटक्यात कोसळले. लोक खुर्च्या सोडून आमच्या टेबलाभोवती आले होते. मला घाम फुटला होता आणि गाणं म्हणावंसं वाटत होतं. उपांत्य लढतही मारली. अंतिम लढत दातांच्या डॉक्टरशी. तीन डावांची. मी, अंतिम लढतीत. विचार कर.

अंतिम लढतीआधी पंच दोघांचे डेक तपासतो. हा नियम मला माहीत होता. खांबाने विचारलं, "घेऊ का?" मी म्हणाले, "घे." त्याने साठ कार्डं हातात घेऊन पिसायला सुरुवात केली. त्याचा अंगठा एका जागी थांबला. पुन्हा पिसली, पुन्हा तिथेच थांबला. तेव्हा मला कळलं. मी जोड डोळ्यांना दिसू नये अशी केली होती. खांब डोळ्यांनी तपासत नाही, उंदरा. तो बोटांनी तपासतो. माझी नावाडीण बाकीच्यांपेक्षा केसभर जाड आणि जरा ताठ झाली होती. इतकी वर्षं कागद हाताळून मला हे सुचलं नाही, कारण मी ती पुस्तकाच्या पानासारखी जोडली. पुस्तकाचं पान कुणी पिसत नाही.

त्याने ती खोळीतून काढली. पालथी केली, सुलटी केली. मग कोपऱ्यातला शाईचा ठिपका त्याला दिसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

हळू आवाजात त्याने विचारलं, "ताई, ही कुठे मिळाली?"

विकत घेतली म्हणता आलं असतं. माळ्यावर मिळाली म्हणता आलं असतं, आणि मनातल्या मनात मी ते म्हणूनही पाहिलं. तुझं पोस्टाचं कार्ड माझ्या पिशवीत होतं. मला माहीत होतं की खरं बोलले तर तसं दुसरं येणार नाही. पण तू त्याला चोर ठरवलं होतंस ते मोठ्याने, याच सभागृहात, सगळ्यांसमोर. म्हणून मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मिळाली नाही. आठ वर्षांपूर्वी मीच फाडली आणि लपवली. याने कधीही काही घेतलेलं नाही."

आता तुला सांगते. त्या दिवशी अण्णा आजारी, आत पडून होते. कचेरीच्या चाळीस नोंदवह्या दुसऱ्या सकाळी द्यायच्या होत्या आणि पाच मिनिटांत येतो म्हणून तू गेलास तो चार तास आला नाहीस. दाबयंत्रावर काचेखाली तुझी नावाडीण होती. मी सुई ठेवली, काच उचलली आणि ती फाडली. एका झटक्यात नाही. तो कागद चिवट असतो, दोनदा ओढावं लागलं. म्हणजे एकदा ओढून थांबता आलं असतं. दोन्ही तुकडे अण्णांच्या नमुन्यांच्या वहीच्या पाठीत सरकवले, तिथे कोण बघणार. तू आलास, सगळं उलथंपालथं केलंस आणि मला विचारलंस, "खांब येऊन गेला का?" मी म्हणाले, "गेला." "यंत्राजवळ उभा होता?" "होता." दोन्ही खरं होतं, म्हणून मी आठ वर्षं स्वतःची समजूत घालत आले की खोटं बोलले नाही. वर तुलाच म्हणाले की कागदाच्या एका तुकड्यासाठी काय मित्र तोडतोस. तुला कळायचं नाही, असं तू म्हणालास आणि गेलास. मला सगळं कळत होतं. तूच चुकत होतास, आणि तुला चुकू देणारी मी होते. माझी लाज वाटते मला.

तर तिकडे सभागृहात डॉक्टरच्या तोंडात लवंग का काय होतं, ते चघळायची ती थांबली. खांबाने ती नावाडीण टेबलावर ठेवली आणि पंचाच्या आवाजात सांगितलं, "डेकमध्ये दुरुस्त केलेलं कार्ड सापडलं. ते हाताला ओळखू येतं. नियमानुसार पहिला डाव डॉक्टरांना." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तिच्या जागी काय घालता?"

मी म्हणाले, "दिवा."

त्याने स्वतःच्या खणातून एक साधा दिवा काढून दिला.

आणि आता ऐक, कारण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी दुसरा डाव असा खेळले की तसा पुन्हा कधी खेळेन असं वाटत नाही. छातीवरचा दगड उतरला होता म्हण, काहीही म्हण, बोटं नुसती हलकी झाली होती. डॉक्टरकडे सहा चिरे, माझ्याकडे दोन. माझ्या हातात महाद्वार, पण त्याला सात दिवे लागतात आणि माझे सहाच लागलेले. एक कार्ड ओढायचं होतं. ओढलं. तुझा दिवा. भाबड्या तोंडाचं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं कार्ड. सातवा दिवा लावला, महाद्वार उतरवलं, सहाच्या सहा चिरे खाली. डॉक्टर पहिल्यांदा हसली. तिचेही दोन दात वेडेवाकडे आहेत.

तिसरा डाव मी एका चिऱ्याने हरले. एका. तिने शेवटचा पहारेकरी दडवून ठेवला होता, तो मी मोजला नव्हता.

म्हणजे मी एप्रिलला येत नाही. तू निवांत खेळ.

खांबाने दुसऱ्या क्रमांकाचं पाकीट माझ्या हातात दिलं. हात मिळवला नाही. मीही पुढे केला नाही.

शनिवारचं पत्रही यातच घालणार आहे, म्हणजे मी किती शहाणी होते ते तुला कळेल. पाकीट अजून बंद केलेलं नाही. का ते माहीत नाही.

ताई


शुक्रवार, १३ मार्च

उंदरा,

बरं झालं पाकीट बंद केलं नव्हतं.

काल दुपारी खांब दुकानात आला. चार दिवस त्याच्या दुकानावरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून जात होते. तो दारात उभा राहिला, हात मागे. मी शिवण सोडून उठले. काय बोलावं हे मी चार दिवस घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हणाले, "तुझं फार नुकसान केलं मी. तुझ्या आईने विचारलं होतं तेव्हाही गप्प राहिले."

तो म्हणाला, "आईला सांगितलं रविवारी. ती रडली. मग म्हणाली, मला माहीतच होतं."

नावाडीण यंत्रावर काचेखाली होती, पूर्वी असायची तिथेच. खांब आत आला. मला वाटलं आता विचारेल, घेऊ का. त्याने विचारलं नाही. मागचे हात पुढे आले, त्याने काच उचलली आणि कार्ड सरळ हातात घेतलं. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी उगाच खळीचं भांडं ढवळत बसले.

"ही जोड सुटते का?" त्याने विचारलं.

"सुटते. माझी कुठलीही जोड सुटते."

"मग सोडवा."

सहा दिवसांचं काम होतं, उंदरा, आणि इतकी सुबक जोड मी जन्मात केली नव्हती. ओल्या कापसाने दहा मिनिटांत सुटली. दोन तुकडे टीपकागदावर वाळत ठेवले. तो तोवर समोरच्या खुर्चीत बसून होता, तुझ्या खुर्चीत, आणि मी तिसरा डाव कुठे हरले ते मला समजावत होता. पहारेकरी चौथ्या खेळीलाच मोजायला हवा होता म्हणे. वाळल्यावर त्याने नावेचा तुकडा उचलून खिशात ठेवला.

"उरलेला त्याला पाठवा," म्हणाला. "माझ्याकडचा हवा असेल तर त्याने येऊन मागायचा. फोन नको, पत्र नको. दारात उभं राहून मागायचा."

मी विचारलं, "मला माफ केलंस का?"

"अजून नाही," म्हणाला. दाराशी जाऊन वळला. "पण रविवारी या. डॉक्टर विचारत होत्या."

तेव्हा पाकिटात बघ. वल्हं आणि तिचा हात तुझ्याकडे, शाईचा ठिपकाही तुझ्याकडेच आला आहे. नाव त्याच्याकडे. माझ्यावर ओरडायचं असेल तर पत्रातून ओरडू नकोस, इथे येऊन ओरड, मी एक शब्द उलटून बोलणार नाही. त्याच्या दारात काय बोलायचं ते तुझं तू ठरव. आणि दोन्ही तुकडे एकदा या टेबलावर आले की जोडायचं काम माझं. या वेळी स्पर्धेसाठी नाही, तेव्हा जाड झालं तरी चालेल.

दुकान आठला उघडते. खळ मी रोज सकाळी ताजी शिजवते.

ताई